टर्मिनलातला बैल बोलतो खरा, पण फुगा कुठं अन् केवढा ठेवायचा?

पोळ्याच्या आदल्या दिवशी मला हौस आली. लॅबमधल्या लिनक्सच्या सगळ्या मशीनींवर लॉगिन केलं की टर्मिनलच्या, म्हणजे कमांडा टाईप करायच्या काळ्या स्क्रीनवर एक बैल यावा अन् त्यानं "पोळ्याच्या शुभेच्छा" म्हणावं, बस. पाच मिनिटाचं काम म्हणून बसलो अन् रात्रीचे साडेनऊ वाजले. बैल आला, शुभेच्छा आल्या, पण त्याच्या बोलण्याभोवतीच्या चौकटीची, म्हणजे फुग्याची, उजवी भिंत जी सरकली ती पार स्क्रीनच्या मध्यात जाऊन उभी राहिली. सकाळी पोरं आली तर एक जण म्हणतंय, "सर, बैलानं कुंपण मोडलं की ओ." त्यानंतर मी ह्या फुग्याच्या नादाला लागलो ते आजपर्यंत, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून टाकावं, लातूरला काय अन् परभणीला काय, कुणाला तरी कामी येईल.

एक आधीच सांगतो, कमांडा मी उच्चाराप्रमाणं लिहिल्यात, फोनवर एकमेकाला सांगतो तशा. टाईप करताना अर्थातच इंग्रजीत. अन् दुसरं, फुग्याच्या खालून बोलणाऱ्याकडं जाणारी जी तिरपी रेघ असते तिला बरेच जण शेपटी म्हणतात, पण इथं बैलालाच शेपटी आहे, उगं घोटाळा नको, म्हणून मी तिला दोरी म्हणतो. जत्रेतल्या फुग्याला असते तशी.

ह्या प्रकारातलं सगळ्यात माहितीतलं हत्यार म्हणजे काऊसे. टोनी मन्रो नावाच्या माणसानं १९९९ च्या आसपास पर्ल ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं, काम एवढंच की तुम्ही वाक्य द्या, ते फुग्यात घालून खाली गाय उभी करतं. उबुंटू, डेबियन ह्या लिनक्सच्या प्रकारांवर एपीटी ह्या कमांडीनं इन्स्टॉल होतं, फक्त ते जाऊन बसतं गेम्सच्या फोल्डरमधे, म्हणून कधीकधी रूटनं, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्यातून, चालवलं की "कमांड सापडली नाही" येतं, तेव्हा घाबरू नका, यूएसआर स्लॅश गेम्स असा पूर्ण पत्ता द्या.

आधी तोंड, मग दोरी, फुगा सगळ्यात शेवटी

आपण सगळे उलटं करतो. आधी वाक्य लिहितो, त्याच्याभोवती चौकट मारतो, अन् मग खाली बैल कुठं बसवायचा म्हणून जागा हुडकत बसतो. असं केलं की दोरी कुठंतरी ओढूनताणून आणावी लागते. त्यापेक्षा बैल आधी काढा, त्याचं तोंड कितव्या कॉलमात (डावीकडून मोजलेली एका अक्षराची जागा, तिलाच मी घर पण म्हणतो) आलं ते मोजा, तिथून दोरी वर न्या, अन् दोरी जिथं संपेल तिथं फुगा टांगा. हे बघा, टिंबं म्हणजे अक्षरं समजा:

```
 ____________________
< .................. >
 --------------------
        \
         \  (_    _)
          \  _\__/_
            <_ .. _>
              \  /
              (..)
```

इथं शिंगं १३ व्या कॉलमापासून सुरू होतात. दोरी ९ व्या कॉलमात निघते अन् एकेक घर सरकत ११ व्या कॉलमात संपते, म्हणजे डोक्याच्या दोन घरं अलीकडं. ती दोन घरं मोकळी सोडायचीच. दोरी डोक्याला चिकटली की ती दोरी राहत नाही, तिसरं शिंग होतं. अन् दोरीला कमीत कमी दोन ओळी द्या, एका ओळीची दोरी म्हणजे निस्ता डाग दिसतो. तीनच्या वर गेली की फुगा वेगळा अन् बैल वेगळा वाटायला लागतो, पतंग उडवल्यासारखं.

आता ह्याच बैलाला नुसतं "हो" म्हणायला लावा:

```
 ____
< .. >
 ----
        \
         \  (_    _)
          \  _\__/_
```

फुगा राहिला डावीकडं अन् दोरी हवेत. काऊसेच्या ठरलेल्या गायीत पण हेच होतं, कारण तिथं दोरी कायम ८ जागा सोडून ९ व्या कॉलमात निघते अन् फुगा कायम डाव्या काठाला चिकटून असतो. फुग्याच्या खालची रेघ दुसऱ्या कॉलमापासून अक्षरं अधिक तीन इतक्या कॉलमापर्यंत जाते, म्हणजे मजकूर ६ घरांपेक्षा लहान असला की दोरी लोंबलीच म्हणून समजा.

उपाय सोपा आहे. फुग्याचा डावा काठ कुठं ठेवायचा ते असं काढा: दोरीचा वरचा कॉलम वजा फुग्याच्या पूर्ण रुंदीचा तिसरा हिस्सा. वरच्या "हो" मधे फुगा ६ घरं रुंद, त्याचा तिसरा हिस्सा २, म्हणून ९ वजा २, डावा काठ ७ व्या कॉलमात. म्हणजे फुग्याच्या तीन ओळी ६ जागा उजवीकडं ढकलायच्या. सेड ह्या ओळी बदलणाऱ्या कमांडीला सांगा की ओळ १ ते ३ च्या सुरुवातीला ६ मोकळ्या जागा घाल, बाकीच्याला हात लावू नको. उत्तर १ पेक्षा कमी आलं तर सरळ १ धरा. अन् डावा काठ अधिक रुंदी स्क्रीनच्या बाहेर जायला लागली तर जेवढं बाहेर गेलं तेवढं डावीकडं ओढा, दोरी फुग्याच्या खालीच राहील एवढं बघा म्हणजे झालं.

तिसराच हिस्सा का, तर मी बरोबर मध्यातून दोरी काढून बघितली, ते छत्री धरल्यासारखं दिसतं. अन् पार कोपऱ्यातून काढली की फुगा पडेल असं वाटतं. हे माझं मत, तुम्हाला छत्री आवडत असेल तर काढा छत्री.

केवढा फुगा

हिशोब पाठ करून ठेवा. सगळ्यात लांब ओळीत जेवढी घरं, त्यात ४ मिळवा, ती फुग्याची रुंदी, कारण दोन्हीकडं एक भिंत अन् एक मोकळी जागा. जेवढ्या ओळी त्यात २ मिळवा, ती उंची. पण टर्मिनलचं एक घर चौकोनी नसतं, उंचीला रुंदीच्या साधारण दुप्पट असतं, म्हणून १० ओळी अन् १० कॉलमचा फुगा काढला तर तो विहिरीसारखा उभा दिसतो. डोळ्याला बरा वाटायचा असेल तर रुंदी उंचीच्या दुप्पट तरी पाहिजे, अन् बोलण्याचा फुगा आडवाच छान दिसतो, तिप्पट-चौपट असला तरी चालतो.

काऊसे ४० वर ओळ मोडतं. बदलायचं असेल तर डॅश कॅपिटल डब्ल्यू अन् आकडा. आता गंमत अशी की ४० हा आकडा बहुतेक वेळा चुकीचाच असतो, कारण त्याला तुमच्या वाक्याशी काही देणंघेणं नाही. समजा वाक्य ८४ घरांचं आहे. ४० नं मोडलं तर पहिल्या दोन ओळी भरल्या अन् तिसऱ्या ओळीत एकटाच तुकडा राहिला, "बरं का" एवढंच, पंगतीत उशिरा आलेल्या पाव्हण्यासारखा कडेला बसलेला. तीन ओळी लागणारच आहेत ना, मग ८४ भागिले ३, झाले २८, त्यात शब्द मोडायला नको म्हणून २-३ घरं सैल सोडा, ३० द्या. तीनही ओळी जवळपास सारख्या भरतात अन् फुगा गोळीबंद दिसतो. मी तर आळशी माणूस, एक छोटी स्क्रिप्ट केली जी २४ पासून ४० पर्यंत सगळे आकडे लावून बघते अन् ज्याच्यात शेवटची ओळ सगळ्यात कमी रिकामी राहते तो घेते.

२० च्या खाली मात्र जाऊ नका. इंग्रजीत चालतं, तिथं शब्द लहान असतात. आपल्याकडं विभक्ती, शब्दयोगी सगळं शब्दालाच चिकटतं, "शेतकऱ्यांच्यासाठीसुद्धा" हा एक शब्द आहे, तो १८ च्या फुग्यात घालायचा म्हणजे पोत्यात नांगर घालण्यासारखं.

वरची मर्यादा टर्मिनल ठरवतं. टीपुट कॉल्स म्हटलं की किती कॉलम आहेत ते कळतं, त्यातून ४ वजा करा, अन् ते अन् ४० यातलं जे लहान ते घ्या. बऱ्याच ठिकाणी अजून ८० कॉलम अन् २४ ओळी हेच माप धरतात, ते १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलपासून घट्ट बसलंय, अन् त्यातले ८० तर त्याच्याही आधीचे, आयबीएमनं १९२८ साली काढलेल्या ८० रकान्यांच्या भोकं पाडायच्या कार्डापासूनचे. म्हणजे आमच्या लॅबमधला बैल ज्या मापात बसतो ते माप माझ्या आजोबाच्या वयाचं आहे. २४ ओळींत बैलाला ५, दोरीची एक जादा, खाली प्रॉम्प्टला एक, असं धरून मजकूर १०-१२ ओळींच्या वर नेऊ नका, नाहीतर फुग्याचं डोकं वर सरकून जातं अन् पोरांना अर्धंच वाक्य दिसतं. एवढं बोलायचं असेल तर बैल कशाला, नोटीस बोर्ड आहे की.

मराठीचा खरा घोळ

आता मुद्द्यावर येतो, कुंपण का मोडलं. मी "पोळ्याच्या शुभेच्छा" एवढंच लिहिलं होतं. डोळ्याला दिसतात सहा अक्षरं अन् एक मोकळी जागा: पो, ळ्या, च्या, शु, भे, च्छा. कॉम्प्युटरला विचारलं तर कुणाला विचारलं त्यावर उत्तर. बाईट मोजणारा म्हणतो ५५, कारण यूटीएफ-८ ह्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईटचं, अशी १८ चिन्हं अन् मोकळ्या जागेचा एक. युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या ठरलेल्या यादीतली, चिन्हं मोजणारा म्हणतो १९. टर्मिनलची घरं मोजणारा एक म्हणतो १४ अन् दुसरा म्हणतो १०. सगळे आपापल्या जागी बरोबर अन् फुगा मात्र वाकडा.

१९ चे १४ अन् १० कसे होतात ते नीट बघा, कारण इथंच किल्ली आहे. युनिकोडमधे आपल्या मात्रा दोन प्रकारात वाटल्यात. उकार, ऊकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार, हलंत, ह्या वर किंवा खाली बसतात, त्यांना स्वतःची जागा नाही, म्हणून घरं शून्य. पण काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार, विसर्ग ह्या बाजूला बसतात, जागा खातात, त्यांना काही हिशोबनीस एक घर देतात अन् काही देत नाहीत. आपल्या शब्दात पहिल्या प्रकारची पाच चिन्हं आहेत, तीन हलंत, एक उकार, एक मात्रा, म्हणून १९ चे १४. दुसऱ्या प्रकारची चार, एक ओकार अन् तीन काने, ते पण वगळले की १०. आता काऊसे मोजणार एका पद्धतीनं अन् टर्मिनल काढणार दुसऱ्या, मग भिंत जाग्यावर कशी येणार. बाईटच मोजणारी जुनी आवृत्ती असली तर विचारूच नका, माझ्याकडं तीच निघाली होती. दर बाईटला एक घर धरून काढलेला फुगा अन् त्यात एवढुशा शुभेच्छा, रिकाम्या गोदामात एक पोतं ठेवल्यासारख्या.

त्यात फॉन्टची भर. टर्मिनलच्या मुख्य फॉन्टमधे सहसा देवनागरी नसते, मग ते लोहित नाहीतर नोटो असा दुसरा कुठलातरी फॉन्ट उसना आणतं, अन् त्या फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर वेगळ्या रुंदीचं. एक टर्मिनल जोडाक्षर नीट जुळवतं, दुसरं ते घराघरात तोडून ठेवतं. अन् ग्राफिक्स नसलेल्या साध्या काळ्या कन्सोलवर तर फॉन्टला जास्तीत जास्त ५१२ आकृत्यांचीच जागा असते, तिथं मराठीचे निस्ते चौकोन येतात, तिथं हट्ट करू नका.

अजून एक छुपा प्रकार. "शेतकऱ्यांनो" ह्यातला ऱ्या दोन तऱ्हेनं टाईप होतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ, हलंत अन् य. दुसरा म्हणजे साधा र, हलंत, मग न दिसणारं जोडचिन्ह अन् मग य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, मोजायला काना सोडून एकात तीन चिन्हं अन् दुसऱ्यात चार. एकच वाक्य, दोन पोरांनी दोन कीबोर्डनं टाईप केलं अन् एकाचा फुगा एक घर मोठा आला, अर्धा तास आम्ही एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसलो होतो.

मग करायचं काय? मला तीन मार्ग सापडले.

पहिला अन् मला सगळ्यात आवडलेला: उजवी भिंत बांधूच नका.

```
 .--------
 | पोळ्याच्या शुभेच्छा
 | बैल धुतले का?
 '--------
        \
         \  (_    _)
          \  _\__/_
```

डावी भिंत कायम सरळच येते कारण तिच्या आधी मराठी काहीच नाही. उजवीकडं उघडा असला तरी डोळा आपोआप फुगा पुरा करतो, कुणालाच खटकत नाही. हे फाईलीत ठेवा, ईमेलला चिकटवा, कुठंही जा, मोडायला भिंतच नाही.

दुसरा मार्ग, भिंत मोजून नाही तर कॉलम सांगून उभी करायची. टर्मिनलला एस्केप, मग उघडा चौकोनी कंस, मग आकडा अन् कॅपिटल जी असं पाठवलं की कर्सर त्या ओळीत थेट त्या कॉलमावर जातो, मधे काय लिहिलंय, किती रुंद आहे, काही बघत नाही. म्हणजे डावी भिंत, मोकळी जागा, मराठी ओळ, मग ३४ व्या कॉलमावर उडी, अन् तिथं उजवी भिंत. सगळ्या ओळींना तोच ३४. मजकूर कसाही मोजला जाऊ द्या, भिंत ओळंब्यात येते. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन पावलं मागं जाऊन बघितलं, भिंत रंगवल्यावर बघतात तसं. फक्त रुंदी सढळ ठेवा. मजकूर ३४ च्या पुढं गेला तर भिंत अक्षरावरच चढते.

पण ह्याच्यात एक खोच आहे, मी तिच्यात पडलो म्हणून सांगतो. हा कॉलम स्क्रीनच्या डाव्या काठापासून मोजला जातो. वर सांगितलं तसं सेडनं फुगा ६ जागा उजवीकडं ढकलला तर डावी भिंत सरकेल, उजवी जाग्यावरच बसेल, अन् फुगा आपोआप बारीक होईल. म्हणून आधी डावा काठ ठरवा, मग उडीचा आकडा काढा, नंतर ढकलाढकली नाही. अन् हा फुगा व्हॉट्सॲपला कॉपी केला तर उडी जाते, भिंत मजकुराला चिकटते. तिथं पहिलाच मार्ग.

तिसरा मार्ग म्हणजे काऊसेला डॅश एन देऊन ओळी मोडायचं काम त्याच्याकडून काढून घ्यायचं अन् आपण हातानं मोडायच्या. मग मजकूर कमांडीच्या पुढं लिहायचा नाही, पाईपमधून, म्हणजे दुसऱ्या कमांडीतून उभ्या रेघेनं जोडून, द्यायचा. भिंतीचा प्रश्न ह्यानं पूर्ण सुटत नाही, पण ओळ अर्थाप्रमाणं मोडता येते, "बैल धुतले" एका ओळीत अन् "का?" दुसऱ्या ओळीत असं होत नाही. ओळी मोडायला फोल्ड नावाची कमांड वापरणार असाल तर जपून, त्याच्या बऱ्याच आवृत्त्या बाईटवर कापतात, देवनागरी चिन्हाच्या तीन बाईटमधून सुरी फिरते अन् ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्हाचे काळे हिरे उगवतात.

आपला बैल

आमच्या शिपाई मामांकडं दोन देवणी बैल आहेत. त्यांनी स्क्रीनवरचा बैल बघितला, चष्मा वर केला अन् म्हणाले, "सर, ह्याचे कान कामून उभे? देवणीचे कान लोंबते असतेत. हे कुठलं जनावर काढूलालाव तुम्ही?" मी म्हटलं, मामा, फुग्याकडं बघा की. तर म्हणाले, "फुगा बघितला, त्याची दोरी शिंगात गुतली." खरंच गुतली होती, मी ती दोन घरं सोडायचं विसरलो होतो. मग कान बदलले:

```
      (_    _)
       _\__/_
      / |..| \
      \_|  |_/
        (..)
```

आपलं जनावर काऊसेला शिकवायचं असेल तर एक काऊ फाईल लागते, आत पर्लचा मजकूर, पण घाबरायसारखं काही नाही, चित्र जसंच्या तसं टाकायचं. दोन गोष्टी सांभाळा. चित्रातली उलटी तिरपी रेघ दोनदा लिहावी लागते, एकदा लिहिली तर पर्ल ती गिळतं. अन् दोरीच्या जागी रेघ नाही लिहायची, डॉलर अन् थॉट्स हा शब्द लिहायचा, मग बोलताना तिथं तिरपी रेघ येते अन् काऊथिंक चालवलं, म्हणजे बैल मनात बोलतोय, तर तिथं गोल येतात. हा डॉलरवाला शब्द फाईलीत ९ घरं खातो पण स्क्रीनवर एकच. म्हणून फाईल उघडली की ती ओळ ८ घरं उजवीकडं पळाल्यासारखी दिसते अन् दोन-दोन रेघांमुळं कान पण वाकडे दिसतात. ते सरळ करायच्या फंदात पडू नका. फाईलीत सरळ केलं की स्क्रीनवर वाकडं होतं. चित्र आधी साध्या फाईलीत पुरं करा, नंतरच रेघा दुप्पट करा.

देवणीत पण तीन प्रकार, बाळंक्या सगळा पांढरा, वान्नेराचं अंग पांढरं अन् तोंडाच्या बाजू काळ्या, शेवरावर काळे-पांढरे ठिपके. शेवरा काढायला टक्क्याचं चिन्ह ठिपके म्हणून छान दिसतं. लाल कंधारी जातीच्या बैलाला मात्र रंगच लागतो, अन् रंगाचे एस्केप घातले की मोजणारा ते पण अक्षरं म्हणून मोजतो, म्हणून रंग बैलाला द्या, फुग्यातल्या मजकुराला देऊ नका.

दोन बैल बोलायले तर

```
  ______________
 / ............ \
 | ............ |      ________
 \ ............ /     < ...... >
  --------------       --------
       \                  /
        \                /
    (_    _)          (_    _)
```

जो आधी बोलतो त्याचा फुगा डावीकडं अन् वरपासून. दुसऱ्याचा उजवीकडं, त्याच्यापेक्षा खाली. डोळा डावीकडून उजवीकडं, वरून खाली येतो, तो क्रम मोडला की उत्तर आधी अन् प्रश्न नंतर वाचला जातो. दुसऱ्याची दोरी उलट्या दिशेनं कलवा म्हणजे दोघं एकमेकाकडं तोंड करून बोलायलेत असं वाटतं. दोन फुग्यांत ४-५ घरं मोकळी सोडा, खेटले की एकच लांब फुगा दिसतो.

जुळवायचं कसं? पेस्ट कमांड दोन फाईली शेजारी लावते, पण वरून लावते, मग लहान फुगावाला बैल हवेत लटकतो. आपल्याला पाय एका ओळीत पाहिजेत. ह्याच्यावर एक झकास युक्ती, टॅक नावाची कमांड फाईल खालून वर उलटी करते. दोन्ही फाईली टॅकनं उलट्या करा, पेस्टनं शेजारी लावा, अन् जे येईल ते परत टॅकनं सुलटं करा. पाय पायाला लागतात, जास्तीची जागा वर जाते. डावीकडच्या फाईलीतली प्रत्येक ओळ आधी मोकळ्या जागा भरून सारख्या लांबीची करून घ्या, नाहीतर उजवा बैल दारू पिल्यासारखा हलतो. अन् कॉलमावर उडी मारणारा फुगा इथं चालत नाही, उजव्या बैलाची भिंत डाव्याच्या अंगात घुसते.

शेवटी हे लॉगिनला कुठं लावायचं. उबुंटूत लॉगिनचा संदेश दाखवायची जी जागा आहे तिथं तुमच्या खिडकीची रुंदी कळत नाही, टीपुट तिथं ८० वर विश्वास ठेवतं, म्हणून मी ते बॅशच्या, म्हणजे कमांडा ऐकणाऱ्या शेलच्या, सुरुवातीच्या फाईलीत टाकलं. पण "समोर माणूस बसलाय का" ही तपासणी आधी घाला, शेल इंटरॅक्टिव्ह असेल तरच बैल. मी नव्हती घातली, अन् दुसऱ्या मशीनवरून एससीपीनं फाईल पाठवायला गेलो तर फाईलीच्या जागी बैल बोलायला लागला अन् फाईल काही पोचली नाही.

मामांना परवा परत दाखवलं. म्हणाले कान आता बरोबर, दोरी पण शिंगातून निघाली, पण पोळ्याचा बैल अन् अंगावर झूल नाही, हे कसं काय? झुलीला कमीत कमी चार ओळी पाहिजेत, म्हणजे डोक्याच्या बाजूला अंग काढावं लागणार, फुगा तेवढा वर सरकणार, अन् २४ ओळींचा हिशोब परत पहिल्यापासून.